घर कुठे घ्यावं? आधी घड्याळ काढा



गेल्या महिन्यात मला बडोद्याहून एका मुलाचा फोन आला. माझ्या आत्येबहिणीच्या ओळखीतला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे आपण ज्याला बीकेसी म्हणतो तिथे, एका फायनान्स कंपनीत नोकरी लागली होती. तो म्हणाला, "ताई, बदलापूरला भाडं अगदी निम्मं आहे. घेऊन टाकू का? आई म्हणते, पहिल्या पगारापासून बचत हवी."

मी त्याला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. कारण २०१८ साली हाच प्रश्न मी विचारला होता, त्याचं मला एकदम चटकन उत्तर मिळालं होतं, आणि ते उत्तर मला फार महागात पडलं. त्या मुलाला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. तुमच्यातले बरेच जण इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, भोपाळकडचे असणार. आपल्या घरी मुंबईची माहिती असते ती लग्नाकार्यापुरती. सकाळी आठ वाजताच्या मुंबईची माहिती कुणाला नसते.

मी इंदूरची. तिथेच वाढले, तिथेच एमबीए केलं. आमच्या इंदुरात कुणी विचारलं, "किती लांब आहे?" तर आपण म्हणतो, "अरे, बस, पंधरा मिनिटं." राजवाडा पंधरा मिनिटं, कॉलेज पंधरा मिनिटं, रात्री सराफ्यात खायला जायचं तर तेही पंधरा मिनिटं. २०१८ साली एका ब्रोकरेज कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये मला नोकरी मिळाली, तेव्हा बाबांनी नकाशा उघडला. डोंबिवलीला आत्या राहते. बीकेसी ते डोंबिवली किती किलोमीटर, ते पाहिलं आणि म्हणाले, "एवढं तर उज्जैनसुद्धा नाही. आत्या जवळ आहे, मराठी वस्ती आहे, भाडं बेताचं आहे. बस, ठरलं."

बाबांची चूक नव्हती. त्यांनी अंतर किलोमीटरमध्ये मोजलं. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं.

हातात येणारा पगार होता ३८,००० रुपये. डोंबिवलीत आम्ही दोघी मुली एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायचो, माझ्या वाट्याला भाडं ६,५०० रुपये. दर महिन्याला १०,००० मी घरी पाठवायचे, कारण धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला होता आणि त्याच्या फीचा अर्धा भार मी उचलेन असं मीच बाबांना सांगितलं होतं. कागदावर हिशेब अगदी सुंदर जमत होता.

आता तो कागदाबाहेरचा हिशेब ऐका. खोलीतून निघून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, रांगेसकट १५ मिनिटं. प्लॅटफॉर्मवर उभं राहणं, एक-दोन फास्ट सोडणं, १५ मिनिटं. गाडीत ४५. कुर्ल्याला उतरून पूल चढून पश्चिमेला रिक्षाच्या रांगेत १५. रिक्षात २०. गेट, लिफ्ट, खुर्ची, ५. बेरीज करा. ११५ मिनिटं. एका बाजूची.

घर शोधताना लोक फक्त गाडीतला वेळ विचारतात. "डोंबिवली-कुर्ला किती लागतात?" "पाऊण तास." बरोबर आहे, पण तो पाऊण तास एकूण वेळाच्या निम्म्याहूनही कमी होता. उरलेली ७० मिनिटं कुणी सांगत नाही, कारण ती कुठल्याच वेळापत्रकात छापलेली नसतात. म्हणून पहिली गोष्ट लिहून ठेवा: घराच्या उंबरठ्यापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत मोजा. स्टेशन ते स्टेशन नाही.

दुसरी गोष्ट माझ्या कामाची. शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. लोकांना वाटतं, वा, चारला सुट्टी! अहो, बॅक ऑफिसचं खरं काम तर साडेतीननंतर सुरू होतं. दिवसभराचे सौदे जुळवायचे, पैसे आणि शेअर कुणाचे कुणाकडे जायचे ते पाहायचं. तेव्हा सौदा पुरा व्हायला दोन दिवस मिळायचे. जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर एका दिवसावर आले आहेत, म्हणजे आता घाई आणखी जास्त. मी साडेसात-आठला निघायचे. दहाला घरी. जेवून अकरा. सकाळी सातला परत बाहेर.

त्याच कंपनीत डीलिंग डेस्कवरच्या मुलांना सकाळी साडेआठला हजर राहावंच लागायचं, पण संध्याकाळी ती लवकर मोकळी व्हायची. त्यांनी घर पाहताना सकाळच्या गाडीचा भरवसा पाहायला हवा. मी पाहायला हवा होता रात्रीचा परतीचा रस्ता. ऑडिटमध्ये असाल तर आज अंधेरी, उद्या ठाणे, परवा नरिमन पॉइंट, म्हणजे एका ऑफिसजवळ घर घेण्यात अर्थच नाही. दोन रेल्वेमार्ग मिळतात अशी जागा बघा, दादरसारखी किंवा कुर्ल्यासारखी. म्हणून ऑफर लेटरवरची वेळ पाहू नका. ज्या टीममध्ये बसणार आहात तिथल्या कुणालातरी विचारा, "काल तुम्ही किती वाजता निघालात?"

आता मूळ गोष्टीकडे येते.

२०१९ चा पावसाळा. गाड्या उशिरा धावत होत्या. सायनला पाणी भरलं होतं, आणि सायन-कुर्ला भागात रुळावर पाणी आलं की मध्य रेल्वेचं सगळं बिघडतं हे मुंबईकराला सांगायला नको. सकाळी मी डोंबिवलीला लेडीज डब्यात चढले, म्हणजे दारातच राहिले. आत जागा नव्हती. दिव्याला आणखी बायका चढल्या. मी दाराच्या दांड्यापाशी, एक पाय आत, एक अर्धा बाहेर. पाठीवरची सॅक कुणाच्या तरी ओढणीत अडकली आणि मागे ओढली गेली. गाडी पारसिकच्या बोगद्याकडे निघाली होती. माझी पकड सुटली.

शेजारच्या एका बाईंनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे काय, नखं रुतली इतकं धरलं. सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा आहे तो. पूर्ण बोगदाभर त्यांनी हात सोडला नाही. ठाण्याला गर्दी थोडी हलली, त्यांनी मला आत ढकललं आणि म्हणाल्या, "बाई गं, मरायचंय का?" आणि उतरून गेल्या. त्यांचं नाव मला माहीत नाही. मनगटावरच्या खुणा चार दिवस होत्या.

मी ऑफिसला गेले. काम केलं. रात्री आईला फोनवर म्हटलं, "सगळं ठीक आहे." घरी सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, जवळ राहा. जवळ राहायचं तर भाडं वाढणार, भाडं वाढलं तर १०,००० पाठवता येणार नाहीत, आणि मग भावाची फी? त्यामुळे मी गप्प बसले. पुढे चार महिने मी तसाच प्रवास केला. माझी सीएफएची परीक्षा याच काळात बुडाली. फी भरली होती, पुस्तकं होती, पण रात्री अकराला पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काही जणांचा जीव गेला. ती बातमी वाचताना माझा हात आपोआप मनगटाकडे गेला. बोगद्याच्या अलीकडचं दिवा, पलीकडचं ठाणं, मुंब्राही तिथलंच. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी असाच एक हिशेब मांडला असणार. कुणाची फी, कुणाचा हप्ता. त्यात कुणाची चूक काढणार?

मला माझी चूक कळली ती दिवाळीत. बाबा मुंबईला आले होते, चार दिवस आत्याकडे. चार दिवसांत त्यांनी मला जागी अशी फार तर तासभर पाहिली. तिसऱ्या रात्री मी ताटावर बसल्या बसल्या पेंगायला लागले. त्यांनी ताट बाजूला केलं आणि विचारलं, "अगं, तू मुंबईत राहतेस की गाडीत?" मग मी सगळं सांगितलं. बोगदासुद्धा.

ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे कमी पाठव. दारात उभी राहू नकोस."

त्या रात्री आम्ही दोघांनी वहीत हिशेब मांडला. आमच्या बाबांना वही लागतेच. कालिना भागात, मुंबई विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, मुलींसाठी शेअरिंगची जागा १४,००० ला मिळत होती. म्हणजे ७,५०० जास्त. तिथून बस किंवा रिक्षाने बीकेसी, उंबरठा ते खुर्ची ३५ मिनिटं. ११५ मधून ३५ गेले, ८० उरले. जाऊन-येऊन १६० मिनिटं. महिन्याचे २२ दिवस धरा, साधारण ५८ तास. ७,५०० भागिले ५८, म्हणजे तासाला १३० रुपयांच्या आसपास.

मग बाबांनी माझा पगार काढला. दिवसाचे नऊ तास, २२ दिवस, १९८ तास. ३८,००० भागिले १९८, तासाला १९० च्या वर. बाबा म्हणाले, "कंपनी तुझा तास एकशे नव्वदला घेते. तू स्वतःचा तास एकशे तीसला विकत घ्यायला का घाबरतेस?"

शिवाय मी महिन्यातून दोनदा तरी रात्री उशीर झाला की टॅक्सी करायचे. ९०० च्या दोन, १,८०० रुपये. ते भाड्यात कधी धरलेच नव्हते. ते वजा केले तर जास्तीचा खर्च उरतो ५,७००, म्हणजे तास शंभराच्या आत आला. हा हिशेब तुम्हीही करा. दोन जागांच्या भाड्यातला फरक घ्या, पास, रिक्षा, उशिराची टॅक्सी धरून. त्याला वाचणाऱ्या तासांनी भागा. जो आकडा येईल तो तुमच्या एका तासाच्या पगाराशेजारी ठेवा. मग ठरवा. कुणी म्हणतं म्हणून ठरवू नका.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगते. हा निर्णय फुकट नव्हता. घरी जाणारे पैसे १०,००० वरून ४,००० वर आले. भावाला शैक्षणिक कर्ज काढावं लागलं. त्याचे हप्ते आता आम्ही दोघं मिळून भरतो. तो कधी काही बोलला नाही, पण मी बोलून दाखवते, कारण "जवळ राहा" हा सल्ला देणारे बहुतेक लोक दुसरीकडे काय कमी झालं ते सांगत नाहीत.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक ताई बसायच्या. वीस वर्षं डोंबिवलीहून येत होत्या. त्या मला म्हणाल्या, "माझं घर तिथे आहे. तुझं फक्त भाडं तिथे आहे." त्यांचा स्वतःचा फ्लॅट, सासूबाई मुलाला सांभाळतात, डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या गाडीत रोजचा ग्रुप, बसायला जागा, दसऱ्याला डब्यात आरास. त्यांचा प्रवास आणि माझा प्रवास तेवढ्याच किलोमीटरचा होता, पण एकच नव्हता. तुमची माणसं डोंबिवलीत, विरारला, पनवेलला असतील तर तिथे राहणं चूक नाही. पण ज्या घरात तुम्ही फक्त झोपणार आहात, त्यासाठी आयुष्याचे चार तास देताना दोनदा विचार करा.

आता माझी दुसरी चूक, कारण जवळ गेले म्हणून मी शहाणी झाले असं नाही. कालिन्याची पहिली जागा मी रविवारी दुपारी पाहिली. शांत रस्ता, स्वच्छ खोली. घाईघाईत पैसे दिले, रोख. तिथे रात्री दहाला गेट बंद व्हायचं, हे मला पहिल्या तिमाहीच्या अखेरीस कळलं, जेव्हा आम्ही साडेअकराला निघालो. त्या रात्री मी मैत्रिणीकडे झोपले. तीन महिन्यांत जागा सोडली आणि अर्धं डिपॉझिट गेलं, कारण हातात कागदच नव्हता.

म्हणून कागद. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. आता ती आधार लावून घरबसल्या ऑनलाइनही होते. ११ महिन्यांचा करार असला तरी नोंदणी हवी. इतर राज्यांतून येणाऱ्यांना वाटतं की ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. डिपॉझिट बँकेतून द्या. करारात लॉक-इन किती महिन्यांचं आहे ते वाचा. दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याएवढी मागतात, तीही आधी विचारा. आणि घरभाडे भत्त्यावर कर वाचेल या आशेवर भाडं ठरवू नका. नव्या करप्रणालीत ती सवलत नाही.

जागा पाहायला जा ती कामाच्या दिवशी. मंगळवार, बुधवार. टोकन देण्याआधी एकदा तिथून सकाळी ऑफिसच्या वेळेला निघा आणि ऑफिसच्या दारापर्यंत जा. मग रात्री नऊला उलटा प्रवास करा. स्टेशनपासून घरापर्यंतची गल्ली अंधारात चालून बघा. पाणी किती वाजता येतं, गेट किती वाजता बंद होतं, पावसात कुठे पाणी साचतं, हे इमारतीच्या वॉचमनला आणि खालच्या वाण्याला विचारा. दलालाला नको. या एका दिवसाचा खर्च फार तर दोनशे रुपये. माझे बुडालेले पैसे त्याच्या कितीतरी पट होते.

आणि नकाशा दर दोन वर्षांनी नव्याने पाहा. मी आले तेव्हा बीकेसीला मेट्रो नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेकडून बीकेसीपर्यंत भुयारी मेट्रो आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत गेली. मरोळ नाक्याला ती वर्सोवा-घाटकोपर मेट्रोला मिळते. त्यामुळे जी जागा २०१८ मध्ये बीकेसीसाठी आडवळणाची होती, ती आज कदाचित सोयीची असेल. माझा हिशेब तुम्ही जसाच्या तसा उचलू नका. आकडे तुमचे घाला.

मी कालिन्यात पुढे दुसऱ्या जागी गेले, नोंदणीकृत करार करून. वरून विमानं जायची, इतकी की फोनवर बोलताना मध्ये थांबावं लागायचं. पण रात्री साडेआठला मी घरात असायचे. पुढच्या खेपेला सीएफएची पहिली पायरी पास झाले. आईशी रोज अर्धा तास बोलू लागले, पुलावर उभं राहून नाही, बसून.

तर तो बडोद्याचा मुलगा. मी त्याला म्हटलं, "टोकन देऊ नकोस. मंगळवारी सकाळी बदलापूरहून बीकेसीला जाऊन ये, आणि मग फोन कर." त्याने केला. कुर्ल्याच्या पुलावरून करत होता, मागे गोंगाट. म्हणाला, "ताई, दोन गाड्या सोडल्या. तिसरीत चढलो, पण दारातच राहिलो."

मी विचारलं, "मग?"

"मग काय, भांडुपला एक खोली बघितलीय. तिघांत घेतली तर परवडते. आईला काय सांगू तेवढं सांगा."

मी म्हटलं, "खरं सांग. किती पाठवू शकशील तेही सांग, आणि किती वाजता घरी पोचतोस तेही सांग. आईला दोन्ही आकडे कळू देत."

तुम्हीही तुमच्या घरी दोन्ही आकडे सांगा. आणि कृपा करून दारात उभे राहू नका.